विश्रांतीचा रकाना

लाइट गेली ते एका अर्थी बरंच झालं. भाग्यश्री, तो मोबाईल पालथा घाल, डोळ्यांवर येतोय. प्रणित, तू दाराकडे पाठ करून बसू नकोस, असा भिंतीशी सरक. घाबरवत नाही रे, वारा लागेल म्हणून सांगतोय.

मी भातसानगरला धरणाच्या गेटवर एकतीस वर्षं रात्रपाळ्या काढल्या. लोक विचारतात, कमळाकरकाका, एवढ्या रात्री पाण्यावर काढल्या, काही दिसलं असेल की. नाही दिसलं. माणसं मात्र पुष्कळ दिसली, आणि त्यातली काही अशी, की भूत परवडलं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते माझ्या डोळ्यांदेखतचं नाही. किन्हवलीचा दिनेश, माझ्या मावसबहिणीचा मुलगा, त्याच्यावर बेतलेलं आहे. याच ओट्यावर, या खांबाला टेकून त्यानं मला सांगितलं. सांगून होईपर्यंत पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून होता, प्यायला मात्र एक घोट नाही. भाग्यश्रीला परवा त्या हवेतल्या अँब्युलन्सच्या नोकरीचं पत्र आलं, म्हणून आजच सांगतो. पेढे खाल्लेत तिचे, आता हेही ऐका.

तारीख पक्की आहे. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस, सोमवार, सोमवती अमावास्या. रात्री साडेनऊच्या सुमाराला दिनेश शहापुरात एका छापखान्यासमोर मोटारसायकल लावून उभा होता. साहेबांनी छापायला टाकलेले कोरे तक्ते घेऊन यायचे, एवढंच काम. शंभर कागदांचं बाड. छापखानेवाल्यानं ते तपकिरी कागदात गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. त्याची गाठ दिनेशला ढिली वाटली, म्हणून त्यानं वरून स्वतःची मारली. शेतकऱ्याचा मुलगा तो, बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ. ओढली की आवळते, आणि मारणाऱ्याशिवाय दुसऱ्याला लवकर सुटत नाही. ही गाठ लक्षात ठेवा.

आता हे तक्ते कसले ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

किन्हवलीच्या पुढे माळावर एका कंपनीनं मोठी पत्र्याची शेड बांधली होती. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण अजून चालू आहे. शेडपुढे सिमेंटचा गोल चौथरा, आणि त्यावर हेलिकॉप्टर. घाटात गाडी पडली, कुणाला साप चावला, बाळंतीण अडली, की ते उडायचं. आजूबाजूच्या वाड्यांवरची पोरं त्याला चतुर म्हणायची. दिसायचंही तसंच, पुढे फुगीर आणि मागे लांब शेपटी.

तर हा चतुर मोठा मानी. मी इतकंच वजन उचलीन म्हणतो, वर दोन गोण्या टाकल्या तर डोंगरात दगा देतो. म्हणून उडायच्या आधी प्रत्येक माणसानं काट्यावर उभं राहायचं. पेशंट, पायलट, डॉक्टर, नर्स, सगळ्यांनी. दिनेश काट्यावरचा लाल आकडा बघायचा आणि तक्त्यात लिहायचा. नाव, वजन, आणि तिसऱ्या रकान्यात गेल्या चोवीस तासांतली विश्रांती. किती तास झोपलात ते. खाली वजनाची बेरीज. एवढं झालं की उडायला मोकळे.

दिनेशचं दुसरं काम उतरताना. त्या शेपटीच्या टोकाला एक छोटा पंखा असतो. फिरायला लागला की तो दिसतच नाही, नुसती हवा थरथरल्यासारखी वाटते. हेलिकॉप्टर गावात उतरलं की बघे धावत येतात. त्यांना अडवायला एक माणूस शेपटीजवळ उभा करतात. तो दिनेश.

आता ऐक भाग्यश्री, हे तुझ्यासाठी. पायलट किती तास उडवणार आणि किती तास झोपणार, याला सरकारचा कायदा आहे. पायलट थकला तर यंत्र जमिनीवर बसतं. नर्स थकली तर तिला चहा देतात! तिथे पायलट पाळीनं बदलायचे. कागदावर नर्सही तीन होत्या, प्रत्यक्षात एकच. तिचं नाव वर्षा.

वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेला एक वाडी आहे, तिथली ती. आई मंगळी. पाऊस संपला की वीटभट्टीवर जाणारी माणसं, स्वतःची गुंठाभर जमीन नाही. त्या वाडीतून नर्स झालेली पहिली मुलगी. अंगानं एवढीशी, शेहेचाळीस किलो. पण पेशंटचा हात धरला तर तो मुंबईला पोचेपर्यंत सोडायची नाही. दिवसभर चतुरातून जायची. अंधार पडला की हेलिकॉप्टर उडत नाही, पण रस्त्यावरची अँब्युलन्स असतेच. त्या अँब्युलन्सवरही वर्षाच. रात्री चतुर झोपायचा, वर्षा नाही.

रोज सकाळी ती काट्यावर उभी राहून विचारायची, "दादा, विश्रांती किती लिवतंस?"

"दहा तास."

"मी तीन झोपलेय."

"साहेब बोलले दहा लिव. मी काय करू गो?"

साहेब म्हणजे स्वरूप. कल्याणहून गाडीनं येणारा, तिथला मुख्य. दिसायला गोरागोमटा, बोलायला साखर, आणि बाकी आतल्या गाठीचा. त्याच्यापुढे दिनेशची बोबडी वळायची. वर्षा मग हसायची. "बरं बरं. तू पुढं लिव, मी मागं लिवते." तक्ता उलटायची, पाठीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहायची, आणि बॅग उचलून निघायची. तिनं काय लिहिलं ते दिनेशनं एकदाही वाचलं नाही. वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी दहा लिहायला हात उठला नसता, असं तो स्वतः म्हणाला.

दसरा होऊन आठवडाभर झाला होता. माळशेजात गाडी पडली. दोन माणसं गंभीर. दोन खेपा कराव्या लागल्या असत्या. स्वरूप म्हणाला, एकाच खेपेत दोघांना आणा. बेरीज बसेना. त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं, "दिनेश, एकसष्ट. तू उतर."

"साहेब, मग शेपटीजवळ कोण ऱ्हाणार?"

"वर्षा राहील. दोन मिनिटांचं काम आहे. टाइम नको घालवू."

वर्षाला जागून तेव्हा एकतीस तास होत आले होते. आदल्या दिवशी सकाळी नऊपासून आकाशात, रात्री नाशिकची फेरी रस्त्यानं, सकाळी परत आकाशात. दिनेशनं तक्त्यात तिच्यापुढे दहा लिहिलं. आणि तो उतरला.

चतुर उतरला वैशाखऱ्याच्या शाळेच्या मैदानात. तिच्याच गावात. गावकऱ्यांनी चुन्याचा गोल आखून ठेवला होता. वर्षा शेपटीजवळ जाऊन उभी राहिली. तेवढ्यात तिच्या वाडीतली पोरं बांधावरून सुटली. "वर्षाताई! वर्षाताई!" आपली ताई चतुरातून उतरली म्हटल्यावर त्यांना कोण धरणार? सरळ पंख्याच्या रोखानं आली. तिनं दोन्ही हात पसरले, ओरडली, मागे व्हा. पोरं थांबली. पण झोपेनं चूर झालेल्या माणसाला आपल्या पाठीमागे काय आहे ते आठवत नाही. ती हात हलवत हलवत दोन पावलं मागे सरकली.

पुढचं सांगत नाही. पोरांनी बघितलं, तेवढं पुरे.

तेराव्या दिवशी मंगळी एसटीनं शेडवर आली. स्वरूपनं तिला तक्ता दाखवला. "हे बघा बाई, दहा तास विश्रांती घेतलेली. चूक तुमच्या मुलीची आहे. मागे पंखा असताना पाय मागे टाकतात का?"

मंगळीला वाचता येत नाही. तिनं त्या आकड्यावर हात ठेवला. "हे कुनी लिवलं?"

स्वरूपनं दिनेशकडे बोट केलं.

दिनेशला वाटलं, बाई आता अंगावर येईल. ती आली नाही, रडलीही नाही. काट्यापाशी खाली बसली आणि पदरानं त्याची फळी पुसली, झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तशी. मग म्हणाली, "शेहेचाळीस किलोची होती ना माझी पोर? तिला जागी ठेवलीत तुमी. आता ती जागीच ऱ्हाईल. तुमाला बी झोपू देनार नाय." आणि उठून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशनं काटा चालू केला. वर कुणी नाही. आकडा आला, शेहेचाळीस.

बिघडला असेल, म्हणून मेकॅनिक आणला. त्याला काही सापडलं नाही. नवा काटा आणला. चार दिवस शून्य दाखवलं, पाचव्या दिवशी शेहेचाळीस. स्वरूप हसायचा. पण त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. रात्री छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटतं, म्हणायचा. ॲसिडिटी असेल, म्हणायचा.

मग डिसेंबरच्या शेवटी दिल्लीहून पत्र आलं, चौकशीला दोन अधिकारी येताहेत. एकतीस तारीख, सकाळी दहा. स्वरूपनं जुने तक्ते चाळायला घेतले आणि पहिल्यांदा ते उलटून बघितले. प्रत्येक तक्त्याच्या पाठीवर वर्षाचं अक्षर. झोपले तीन तास. झोपले दोन तास. झोपले नाही. झोपले नाही. तीन महिन्यांचं सगळं.

म्हणून हे कोरे तक्ते. एका रात्रीत दिनेशनं तीन महिने नव्यानं लिहायचे, आणि जुने जाळून टाकायचे. म्हणजे वर्षा मेली ती स्वतःच्या चुकीनं, हे कायमचं ठरलं. लिहिलं नाही तर नोकरी गेली. लिहिलं तर… त्या पोरीला दुसऱ्यांदा मारायची, आणि या खेपेला दिनेशनं आपल्या हातानं. हे त्याला कळत होतं. कळत असूनही तो छापखान्यासमोर उभा होता. त्याला शिव्या घालू नका. आपणही बरेचदा तिथेच उभे असतो.

दहा वाजता तो शहापुरातून निघाला. बाड टाकीवर, पोटाशी धरलेलं. थंडी होती, रस्ता मोकळा होता. गाव मागे पडलं तशी गाडी जड झाली. चढ नसताना ओढेना. मागचा टायर बसल्यासारखा झाला. त्यानं थांबून चाक दाबून बघितलं. हवा होती. पुन्हा निघाला. पुन्हा तेच. असं रखडत फाट्यावर यायलाच साडेबारा वाजले.

किन्हवलीच्या फाट्यावर काळूरामचं पंक्चरचं दुकान आहे. तो दुकानातच झोपतो. दिनेशनं त्याला उठवलं. काळूराम बॅटरी घेऊन बाहेर आला, वाकून चाक बघितलं, दाबलं, आणि जांभई देत म्हणाला, "हवा बरोबर हाय रे. दोघं बसलाव, म्हनून दबलाय."

"मी एकटाच हाय."

काळूरामनं बॅटरी वर केली. दिनेशच्या मागे धरली. तिथेच धरून राहिला. मग आत गेला आणि आतून कडी लावली.

दिनेशनं मागे वळून बघितलं नाही. पुढे बघत गाडी हाणली. शेडच्या फाटकाशी गाडी थांबवली, तेव्हा मागची सीट वर उचलल्यासारखी हलकी झाली. कुणी उतरावं तशी.

शेडमध्ये एक ट्यूबलाइट. वॉचमनला स्वरूपनं घरी पाठवलं होतं. टेबलावर जुन्या तक्त्यांचा गठ्ठा. चतुर कोपऱ्यात, पंख्यांना दोऱ्या बांधून ठेवलेला. स्वरूप खुर्चीत बसला होता, पण झोप नसलेल्या माणसाचं बसणं वेगळं असतं. मान पडत होती, आणि पडली की दचकून वर येत होती.

"आणलंस? बस. चटचट लिही. आधी काटा चालू कर. तपासणीचा आकडा शून्य आला की तो लिहायचा."

दिनेशनं बाड टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. काटा रिकामा होता.

शेहेचाळीस.

"परत बंद कर. परत चालू कर."

शेहेचाळीस.

"नॉनसेन्स." स्वरूप उठला आणि रागानं काट्यावर उभा राहिला. त्याचं वजन चौऱ्याऐंशी. कितीदा तरी दिनेशनं ते लिहिलं होतं.

आकडा फिरला. थांबला. एकशे तीस.

दोघंही त्या लाल आकड्याकडे बघत राहिले. स्वरूप हळूच उतरला. शेहेचाळीस. पुन्हा एक पाय ठेवला, आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"साहेब," दिनेश म्हणाला, "मी नाय लिवणार."

"काय?"

"नाय लिवणार मी. मागं तिनं लिवलंय ते खरं हाय."

स्वरूपचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ तीच. "शेपटीजवळ ड्यूटी कुणाची होती? तुझी. तू तिथे नव्हतास. हे उद्या मी दिल्लीच्या साहेबांना सांगू? जेलमध्ये बसून खरं-खोटं कर मग." त्यानं जुना गठ्ठा काखेत मारला. "हे मी घरी जाऊन जाळतो. सहा वाजता परत येतोय. तोपर्यंत सगळं लिहून ठेव. अक्कल असेल तर ठेवशील."

तो बाहेर गेला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

आणि लगेच, दुसरं दार बंद झाल्याचा.

दिनेशनं काट्याकडे बघितलं. शून्य.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तो बाड मांडीवर घेऊन बसून राहिला. गाठ सोडली नाही. गाडी काढून घरी जावं, तर त्या रस्त्यावर पाय घालायची हिंमत नव्हती.

दीडला फोन वाजला. स्वरूप. आवाज चिडलेला.

"दिनेश, ही बाजूची सीट… तो बेल्टचा आवाज येतोय. टिंग टिंग. बाजूला माणूस बसला आणि बेल्ट लावला नाही की येतो ना, तो. कागद ठेवलेत म्हणून असेल का?"

"कागद मागं टाका, साहेब."

खसफस झाली. मग फोनमधूनच ऐकू आलं. टिंग… टिंग… टिंग…

"टाकले मागे. तरी वाजतोय. थांब, बेल्टच लावून टाकतो." खट्. आवाज बंद. स्वरूप हसला. "हं. झालं. पण बेल्ट ताणून बसलाय रे. सैल पाहिजे ना? सीट तर…"

फोन कटला.

आता रस्ता ध्यानात घ्या. किन्हवलीहून सरळगावला आलं की उजवीकडे मुरबाड आणि पुढे कल्याण. स्वरूपचं घर उजवीकडे. डावीकडे टोकावडे, वैशाखरे, घाट.

दोन वाजून बारा मिनिटं. पुन्हा फोन.

"दिनेश."

"साहेब? पोचलाव?"

"मी वळलो नव्हतो… स्टिअरिंग…" श्वासाचा आवाज. "ही शाळा कुठली आहे?"

दिनेशनं शाळा ओळखली. "साहेब, गाडीतून उतरू नका."

"उतरलोय मी. दार… ती उतरली. मग माझं दार उघडलं." पुन्हा श्वास. "खाली पांढरा गोल आहे. चुना."

ऑक्टोबरातला चुना. मधे दोन पाऊस होऊन गेले होते.

"साहेब, गाडीत बसा…"

"पोरं आहेत." स्वरूपचा आवाज अगदी बारीक झाला. "एवढ्या रात्री… बांधावरून येतायत. पळत. हात हलवतायत."

"बघू नका तिकडं!"

"झोप येतेय रे मला… किती झोप…"

आणि मग फोनमधून आवाज आला. लांबून आल्यासारखा. फट… फट… फट… फट…

दिनेशनं कोपऱ्यात बघितलं. चतुर तिथेच होता. पंखे बांधलेले.

फटफटफटफट…

"थांबा रे," स्वरूप ओरडत होता, "थांबा, पुढे नका येऊ, मागे व्हा…"

"साहेब, तुमी मागं सरू नका! साहेब! मागं…"

एक पाऊल वाजलं. गवतावर.

दुसरं.

…

फोन चालूच होता. त्यात कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी एक लांब श्वास सोडला, दिवसभराच्या कामानंतर बसायला मिळाल्यावर माणूस सोडतो तसा. बाईमाणसाचा.

मग कटला.

सकाळी सातला शाळा झाडायला आलेल्या बाईला स्वरूप दिसला. मैदानाच्या मधोमध, उताणा. अंगावर एक ओरखडा नाही. दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. तसंच लिहिलंही. पण त्याच्या भोवतीचं सुकं गवत झोपलेलं होतं, मोठ्या गोलात, वरून वारा मारल्यासारखं. आणि डोळे उघडे. वॉर्डातल्या माणसांनी मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात. दाबून धरले, सोडले की उघडायचे. पट्टी बांधून नेला शेवटी, आणि पट्टीच्या आतही ते उघडेच होते म्हणतात. बरं झालं. मी बोलतो उघड, बरं झालं. एका रात्रीची झोप मागत होती ती पोर, तीही यानं दिली नाही.

गाडीची दोन्ही दारं उघडी होती. बाजूच्या सीटचा बेल्ट लावलेला होता. मागे टाकलेला जुन्या तक्त्यांचा गठ्ठा त्या बेल्टखाली होता. नीट रचलेला, पालथा. वर्षाचं अक्षर वर.

पोलिसांनी तो उचलला आणि दहा वाजता चौकशीवाल्यांच्या समोर ठेवला. दोन साहेब होते, एक म्हातारा, एक तरुण. म्हाताऱ्यानं सगळे तक्ते दोन्ही बाजूंनी वाचले. मग चष्मा काढून विचारलं, "पुढचं कोणी लिहिलं?"

दिनेश रात्रभर जागा होता. त्याच्या मांडीवर अजून ते बाड होतं. तो म्हणाला, "मी. आणि पुढचं सगळं खोटं हाय, साहेब. मागचं खरं. ती झोपली नव्हती. एकतीस तास. आणि शेपटीजवळ मी पायजे होतो. माझं वजन उतरवलं, आन् मी उतरलो. गप उतरलो." सही केली. अंगठाही दिला. वर्षावरचा डाग त्या दिवशी कागदावरून गेला, हे मंगळीला जाऊन सांगणाराही तोच. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "आता तिला सांग."

पण ते नंतर. त्या सकाळी उठता उठता म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, "हे मांडीवर काय आहे?"

"कोरे तक्ते. साहेबांनी लिवायला दिलेले. मी सोडले बी नाय."

"सोडा."

दिनेशची गाठ. रात्री शहापुरात मारलेली, तशीच आवळलेली. बोटांनी सुटेना, दातांनी सोडवली. सगळ्यांसमोर. तपकिरी कागद उलगडला. शंभर तक्ते, छापखान्याच्या शाईचा वास येणारे. नव्याण्णव कोरे.

सगळ्यात वरचा भरलेला होता.

निळी शाई. बारीक अक्षर. तक्त्याच्या पाठीवर नव्हे… पुढे. तारीख एकतीस डिसेंबर. ठिकाण वैशाखरे.

पहिली ओळ. वर्षा. वजन शेहेचाळीस. विश्रांती, शून्य.

दुसरी ओळ. स्वरूप. वजन चौऱ्याऐंशी. विश्रांती, शून्य.

तिसरी ओळ. दिनेश. वजन एकसष्ट.

त्याच्यापुढचा विश्रांतीचा रकाना कोरा होता… पण खाली तिघांची बेरीज करून ठेवलेली होती. एकशे एक्क्याण्णव.